मण्यारविष आणि तंत्रिकाग्राही

मण्यार (बंगारस सिरुलियस) या विषारी सर्पाचे विष तंत्रिका व स्नायू यांच्या संधीवर परिणाम करून श्वसन बंद पाडते. हा परिणाम कोशिकापटलातील (पेशीच्या आवरणातील) लिपिडे व त्यांत रुतलेली ग्राही प्रथिने यांच्यावर घडून येतो. महाराष्ट्रात चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत या विषाला विशेष महत्त्व आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा करण्यात आला. त्याच्या क्षेत्रफळाचा बहुतांश भाग वनाच्छादित असून भातशेती, मोहफुले वेचणे व तेंदूपाने गोळा करणे ही तेथील लोकांची प्रमुख कामे आहेत. धान्यामुळे उंदीर व त्यांच्यामागोमाग साप वस्तीत येतात. मण्यार निशाचर असून जमिनीवर झोपलेल्या माणसास तिचा दंश पुष्कळदा झोपेतच होतो.

मण्यारीचा रंग निळसर काळा असून अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे असतात. पाठीच्या मध्यरेषेवरील खवले इतरांपेक्षा मोठे व षट्कोनी असतात. बिनविषारी कवड्या साप तिच्यासारखा दिसत असल्याने ओळखण्यात चूक होऊ शकते.

ग्राही व कोशिकापटल : तंत्रिकेच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म पुटिकांतून ॲसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडते व स्नायूच्या पटलावरील ग्राहीशी जोडले जाते. हा ग्राही पाच उपघटकांचा असून त्याच्या मध्यभागी असलेला मार्ग उघडताच सोडियम आयन आत शिरतात व स्नायू आकुंचन पावतो. पटल म्हणजे केवळ ग्राही धरून ठेवणारी भिंत नव्हे. फॉस्फोलिपिडांच्या दुहेरी थरात कोलेस्टेरॉलाचे रेणू मिसळलेले असतात आणि ते पटलाचा घट्टपणा व ग्राहीचा आकार या दोहोंवर परिणाम करतात. विद्युत् मत्स्यापासून मिळविलेला ॲसिटिलकोलीन ग्राही कोलेस्टेरॉल व ऋणभारित लिपिडे नसलेल्या कृत्रिम पटलात बसविला, तर त्याच्याशी ॲसिटिलकोलीन जोडले जाते परंतु मार्ग उघडत नाही. पेप्टाइडांच्या ग्राहींतही असेच उदाहरण आढळते. पटलातील कोलेस्टेरॉल काढून घेतल्यास ऑक्सिटोसिनाच्या ग्राहीची त्या पेप्टाइडाला धरून ठेवण्याची क्षमता घटते.

विषाची क्रिया : मण्यारविषात प्रामुख्याने दोन प्रकारची तंत्रिकाविषे असतात. आल्फा प्रकारची विषे स्नायूवरील ग्राहीला घट्ट चिकटून त्याची जागा अडवितात. बीटा प्रकारची विषे तंत्रिकेच्या टोकावर परिणाम करतात. त्यांतील फॉस्फोलिपेज ए-२ हे एंझाइम पटलातील फॉस्फोलिपिडांचे विघटन करून वसाम्ले व लायसोफॉस्फोलिपिडे निर्माण करते. त्यामुळे पटल बिघडते, पुटिका रिकाम्या होतात व अखेरीस तंत्रिकेचे टोकच नष्ट होते. तैवानमधील सी. सी. चांग व सी. वाय. ली यांनी १९६३ मध्ये पट्टेरी मण्यारीच्या एका तैवानी जातीच्या विषातून आल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळे केले. पुढे याच विषाच्या साहाय्याने १९७० च्या सुमारास ग्राही प्रथिन ओळखणे शक्य झाले.

लक्षणे : दंशाच्या जागी वेदना व सूज बहुधा नसते, त्यामुळे दंश झाल्याचे अनेकदा कळत नाही. काही तासांत पोटदुखी, पापण्या मिटणे, गिळण्यास व बोलण्यास त्रास आणि शेवटी श्वसनस्नायूंचा पक्षाघात होतो. रुग्ण निश्चल दिसला, बाहुल्या विस्फारलेल्या असल्या, तरी तो शुद्धीवर असू शकतो. म्हणून त्यास मृत समजण्याची घाई घातक ठरते.

उपचार : नागाच्या विषाने ग्राही अडले असता निओस्टिग्मिनाने ॲसिटिलकोलीन वाढवून मदत होऊ शकते. मण्यारीच्या दंशात मात्र रसायन सोडणारे टोकच निकामी होत असल्याने त्या औषधाचा भरवसा धरता येत नाही. प्रतिविष मोकळे विष निष्प्रभ करते, परंतु नष्ट झालेले टोक दुरुस्त करू शकत नाही. म्हणून ते लवकर देणे आवश्यक असते. टोके पुन्हा वाढेपर्यंत, म्हणजे काही दिवस, कृत्रिम श्वसन चालू ठेवल्यास रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. दंशाची जागा कापणे, विष चोखणे किंवा मंत्रोपचारात वेळ घालविणे निरुपयोगी व धोक्याचे असते.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्ण कटिबंधीय रोगांत केला. पावसाळ्यात नाले भरून रस्ते तुटणाऱ्या वनभागात रुग्णाचे जीवित प्रतिविष व श्वसनयंत्र असलेल्या रुग्णालयापर्यंत वेळेवर पोहोचण्यावर अवलंबून असते. खाटेवर झोपणे, मच्छरदाणी गादीखाली खोचणे व रात्री विजेरी वापरणे हे मण्यारदंश टाळण्याचे सोपे व परिणामकारक उपाय होत.