इंग्रजी शब्दांच्या जोड्या : कर्ज ‘वेव्ह’ झालं की ‘राइट ऑफ’?

मागच्या आठवड्यात पगार आणि बचत या शब्दांबरोबर येणारी इंग्रजी क्रियापदं पाहिली. आज कर्ज. मराठीत आपण कर्ज काढतो, उचलतो, फेडतो. ते थकतं, डोक्यावर बसतं, कुणी ते बुडवतं. इंग्रजीतही ‘लोन’ आणि ‘डेट’ यांच्या जोड्या अशाच ठरलेल्या आहेत. त्या चुकल्या की अनेकदा अर्थच पालटतो.

बँकेत सही करून कर्ज घेतलं, तर ‘टेक आउट अ लोन’. क्रेडिट कार्डावर खरेदी करत राहिलो, दर महिन्याला बिलावरची ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ तेवढी भरली आणि बाकी फुगत गेली, तर ‘रन अप अ डेट’. पहिल्यात ठरवून घेतलेला निर्णय आहे, दुसऱ्यात हळूहळू साचलेली देणी. म्हणून गृहकर्जाला ‘रन अप’ लावू नका. हप्ते मागे पडले की ‘फॉल बिहाइंड ऑन पेमेंट्स’, आणि ठरलेलं देणं दिलंच नाही की ‘डिफॉल्ट ऑन अ लोन’. यातला ‘ऑन’ आपल्याकडे हमखास गळतो.

फेडण्याच्या जोड्यांत बारकावे आहेत. नुसतं व्याज आणि हप्ते वेळेवर भरत राहणं म्हणजे ‘सर्व्हिस अ डेट’. मुद्दल कमी करत आणणं म्हणजे ‘पे डाऊन’. शेवटचा पैसा देऊन मोकळं होणं म्हणजे ‘पे ऑफ’. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली ब्रिटनने अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज २ टक्के व्याजाने घेतलं. वर्षाला एक, असे ५० हप्ते ठरले; अडचणीच्या सहा वर्षांत हप्ता पुढे ढकलावा लागला. इतकी वर्षं ब्रिटन हे कर्ज ‘सर्व्हिस’ करत होता. ‘पेड ऑफ’ हा शब्द त्याला लागू झाला तो डिसेंबर २००६ च्या अखेरीस.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो ‘वेव्ह’ आणि ‘राइट ऑफ’ यांत. दोन्हींना सर्रास ‘कर्जमाफी’ म्हटलं जातं आणि त्यावरून घरोघरी वाद झडतात. ‘वेव्ह’ म्हणजे खरी माफी : देणेकऱ्याची जबाबदारी संपली. २००८ ची केंद्राची शेतकरी कर्जमाफी किंवा २०१९ मध्ये महाराष्ट्राने जाहीर केलेली महात्मा जोतीराव फुले योजना ही ‘लोन वेव्हर’ची उदाहरणं. तिथे शेतकऱ्याच्या कर्जाची रक्कम सरकारने बँकांना दिली. ‘राइट ऑफ’ हा मात्र बँकेच्या ताळेबंदातला व्यवहार आहे. वर्षानुवर्षं थकलेल्या कर्जासाठी नफ्यातून पूर्ण तरतूद झाली की बँक ते ताळेबंदातून काढून टाकते. कर्जदार सुटत नाही. त्याच्यामागचा वसुलीचा तगादा, दावे, जप्ती सगळं चालू राहतं. मराठीत याला ‘निर्लेखन’ असा नेमका शब्द आहे. बातमीच्या मथळ्यात तो आला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. बड्या उद्योगपतीचं कर्ज ‘राइट ऑफ’ झालं, तर बँकेने किती वसूल केलं हे जरूर विचारा. पण त्याला माफी मिळाली असं समजू नका.

आता आपल्या दाराशी येणारी जोडी. थकलेल्या कार्डासाठी वसुलीवाल्याचा फोन येतो : ‘अर्ध्या रकमेत सेटल करून टाका.’ ऐकायला बरं वाटतं. पण ‘सेटल अ लोन’ म्हणजे तडजोडीने कमी रक्कम भरणं, आणि सिबिलच्या अहवालात त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ येतं. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की बँक हाच शेरा पाहते. तडजोड करावीच लागली तर ती लेखी घ्या, आणि हा शेरा उमटणार हे धरूनच घ्या.

तारण ठेवून घेतलेलं कर्ज ‘पे ऑफ’ केलंत, तर आणखी एक हक्क आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रं परत मिळालीच पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तिने तुम्हाला द्यायची आहे.