आरोग्य प्रबोधन : ॲलर्जीवरील गोळी – उपयोग आणि सावधगिरी

मृगाच्या सरींनंतर बांधावर आणि रस्त्यांच्या कडेला गाजर गवत फोफावते. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी जोरात येते, पाठोपाठ जिनिंग-प्रेसिंगचा हंगाम सुरू होतो. अमरावती-अकोला परिसरातील अनेक कुटुंबांत याच काळात शिंकांची सरबत्ती, डोळ्यांची खाज आणि अंगावर पित्त उठणे या तक्रारी वाढतात. औषधाच्या दुकानातून एखादी गोळी आणून वेळ निभावली जाते. ही गोळी खरोखर उपयुक्त आहे. परंतु ती कोणी, कशी व केव्हा घ्यावी याची माहिती घराघरांत असणे अगत्याचे आहे. आम्ही व्यवस्थापनाचे काम पाहणारी मंडळी. औषधयोजना हे वैद्यकांचेच क्षेत्र. तथापि सर्वमान्य माहिती सुबोध भाषेत आपणापुढे ठेवणे हेही रुग्णसेवेचेच अंग आहे, असे आम्ही मानतो.

परागकण, धूळ किंवा एखादा अन्नपदार्थ शरीराला शत्रू वाटला की काही पेशींतून हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर पडते. नाक वाहणे, खाज, गांधी उठणे हा त्याचाच परिणाम. अँटिहिस्टामिन औषधे या द्रव्याचा मार्ग अडवितात. या औषधांचा पाया घालणारे शास्त्रज्ञ डॅनियल बोव्हे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधे लक्षणे शमवितात, ॲलर्जीचे मूळ मात्र नाहीसे करीत नाहीत. दम्याच्या औषधालाही ती पर्याय नव्हेत. गाजर गवताच्या स्पर्शाने होणारा त्वचेचा दाह तर निराळ्या प्रकारचा असल्याने तेथे केवळ या गोळीवर विसंबून चालत नाही. गवतापासून दूर राहणे व त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक ठरते.

या औषधांच्या दोन पिढ्या आहेत. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधे मेंदूपर्यंत पोहोचतात व गुंगी आणतात. सेटिरिझिन, लोरॅटाडिन, फेक्सोफेनाडिन ही नवी औषधे तुलनेने कमी गुंगी आणतात; तरी सेटिरिझिनने काहींना झोप येतेच. म्हणून गोळी घेऊन मोटारसायकल वा ट्रॅक्टर चालविणे, थ्रेशरवर उभे राहणे धोक्याचे आहे. मद्य किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत तर ती मुळीच घेऊ नये. जुन्या औषधांमुळे वृद्धांमध्ये लघवी अडणे, तोंड कोरडे पडणे, गोंधळल्यासारखे होणे संभवते. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तसेच गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी घेऊ नये.

आपल्या वरुड-मोर्शीच्या संत्र्याशी निगडित एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. फेक्सोफेनाडिन संत्रे, मोसंबी वा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतल्यास ते कमी शोषले जाते व अपेक्षित गुण येत नाही. ही गोळी साध्या पाण्यासोबतच घ्यावी.

सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांत व सिरपांत क्लोरफेनिरामिन आधीच असते. त्यावर वेगळी ॲलर्जीची गोळी घेतल्यास मात्रा नकळत दुप्पट होते. तेव्हा वेष्टनावरील घटकांची नावे वाचावीत. लहान मुलांबाबत तर अधिकच दक्षता हवी. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे संयुक्त औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे निर्देश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. २०२५ साली शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात सर्दी-खोकल्याच्या सिरपामुळे अनेक बालके दगावली. त्यास डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याची भेसळ कारणीभूत होती, अँटिहिस्टामिन नव्हे. परंतु बाळाला कोणतेही सिरप परस्पर पाजू नये, हा धडा त्यातून मिळतोच.

सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन अनेक महिने रोज घेऊन एकाएकी थांबविल्यास काही रुग्णांना तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये दिला. असे प्रसंग विरळ असले तरी दीर्घकाळ चाललेली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बंद करावी. ॲलर्जीची त्वचाचाचणी करावयाची असल्यास ही औषधे काही दिवस आधी थांबवावी लागतात, हेही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचे असे की, मधमाशीचा दंश, एखादे इंजेक्शन किंवा अन्नपदार्थ यांनंतर ओठ-जीभ सुजणे, श्वास कोंडणे, भोवळ येणे अशी लक्षणे दिसल्यास गोळीचा गुण येण्याची वाट पाहू नये. अशा वेळी प्राण वाचविणारे औषध ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हेच होय. विनाविलंब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

ॲलर्जीची गोळी अल्प मोलाची आहे. तिच्या अयोग्य वापराची किंमत मात्र एखाद्या कुटुंबास आयुष्यभर मोजावी लागू शकते. देणगीदारांच्या उदार आश्रयावर चालणाऱ्या संस्थेस टळलेला अपघात हा सर्वांत मोठा लाभ होय, जरी तो ताळेबंदात कोठे दिसत नसला तरी. सन्माननीय देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या आप्तेष्टांनी ही माहिती आपल्या घरी, शेतावरील मजुरांना व शेजाऱ्यांना आवर्जून सांगावी, अशी आमची नम्र विनंती आहे.