विजेची मोटार आणि आल्प्सचा घाट

इटलींतील स्टेल्व्हिओ घाटाचा माथा २,७५७ मीटर उंच. प्राटो गांवाकडून चढतांना ४८ वळणें लागतात. सुटींत विजेची मोटार घेऊन निघालेला प्रवासी येथें बॅटरीचा आंकडा झरझर घसरतांना पाहून धास्तावतो. हिशेब मात्र सरळ आहे. दोन टनांची गाडी १,००० मीटर वर नेण्यास सपाटीपेक्षां किमान साडेपांच युनिट वीज जास्त लागते. उतारावर चाकें फिरविणारें यंत्रच जनित्र बनतें, त्यांतील बराच भाग परत देतें आणि वेगही आवरतें. म्हणूनच उंचावरच्या मुक्कामीं बॅटरी शिगोशीग भरून निघणें घातक. परतणाऱ्या विजेला जागा उरत नाहीं, सारा भार ब्रेकवर पडतो व ते तापून ढिले पडण्याचा धोका असतो. रिकाम्या बॅटरीची धास्ती सर्वांनाच. हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. रात्रीं ८० टक्क्यांवर भरणें थांबविण्याची सोय बहुतेक गाड्यांत असते.