नवेगावबांध : तळ्याने वसविलेले गाव

वैनगंगेच्या खोऱ्यात नवेगाव या नावाची खेडी पुष्कळ आहेत; परंतु नवेगावबांध एकच. गोंदियापासून दक्षिणेस सुमारे ६५ किलोमीटरवर, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, डोंगरांच्या कुशीत हे बाजाराचे छोटे गाव वसले आहे. १९९९ पर्यंत ते भंडारा जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. गावाच्या नावाला जो ‘बांध’ जोडला गेला आहे तो केवळ खूण म्हणून नव्हे. आधी बांध, मग पाणी, मग धान, मग वस्ती, असा येथील इतिहासाचा क्रम आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला. येथील भूरचना पाहिली म्हणजे बांधणाऱ्याच्या दृष्टीचे मर्म ध्यानी येते. डोंगरांनी जवळजवळ वेढलेले एक खोलगट खोरे आणि त्यातून पाण्याला बाहेर पडण्यास थोड्या वाटा. त्या वाटा मातीच्या पाळीने अडविल्या की उरलेली भिंत डोंगरच पुरवितात. कमीत कमी मातीकामात जास्तीत जास्त पाणी साठविण्याची ही युक्ती कोणत्याही यंत्राच्या किंवा नकाशाच्या साहाय्यावाचून साधलेली आहे. जुन्या गॅझेटियरमध्ये तलावाचा घेर १७ मैल दिला आहे; पाण्याखालील क्षेत्र आज सुमारे ११ चौरस किलोमीटर धरले जाते. तळ्याच्या मध्यभागी मालडोंगरी नावाचे बेट आहे. सभोवारच्या सात शिखरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात आणि पाळ उभी राहण्यास त्यांचे साह्य झाले, अशी श्रद्धा बाळगतात. कोलू पाटलांनाही लोकांनी देवत्व दिले. कोलासुर देव या नावाने त्यांचे ठाणे येथील एका शिखरावर आहे. मंदिर बांधणाऱ्यास देव मानल्याची उदाहरणे शोधावी लागतील. तळे बांधणाऱ्यास मात्र या मुलुखाने देव मानले आहे.

कोहळी हा या भागातील शेतकरी समाज तलाव बांधण्यासाठी आणि उसाच्या लागवडीसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परत येताना त्यांच्या पूर्वजांना सोबत आणले, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी तिच्यातील एक गोष्ट निश्चित लक्षात घेण्याजोगी आहे : पाणी अडविणारा माणूस मुद्दाम बोलावून आणावा, त्याला जमीन व मान द्यावा, एवढी त्या विद्येची किंमत राज्यकर्त्यांना ठाऊक होती.

बाहेरून आलेल्या माणसाला एक शंका सहज येते. जेथे वर्षाकाठी सव्वा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे तलाव कशाला हवेत? याचे उत्तर धानाच्या स्वभावात आहे. पऱ्हे टाकल्यावर रोवणीच्या वेळी पाऊस ओढ देतो, किंवा पुढे धान लोंबीवर येण्याच्या सुमारास तो अचानक थांबतो. एकूण पाऊस पुरेसा असूनही ऐन वेळी पंधरा दिवसांचा खंड पडला तर बांध्या भेगाळतात आणि पीक पोचट राहते. तलाव हा त्या पंधरा दिवसांचा विमा होय. हलके धान कसेबसे पावसावर निभावते. जड धान तलावाच्या भरवशावाचून कोणी लावीत नाही. म्हणूनच पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव उभे राहिले आणि वरच्या तळ्याच्या सांडव्याचे पाणी खालच्या तळ्यात जाईल अशी अनेक ठिकाणी त्यांची साखळी बनली. यांखेरीज शेतकऱ्यांच्या खाजगी बोड्या आहेत, त्या निराळ्याच.

तलावाचे अवयव थोडेच. मातीची पाळ, पाणी सोडण्याचे तोंड, ज्यास या भागात तुडुम म्हणतात, जादा पाणी वाहून जाण्यासाठी सांडवा, आणि शेतापर्यंत नेणारे पाट. पाळीला उंदीर-घुशींची बिळे पडतात, पाट गाळाने भरतात, तुडुमातून पाणी झिरपते. ही कामे दरवर्षी पावसापूर्वी झाली तर क्षुल्लक असतात. तीन वर्षे राहिली तर मोठी होतात, आणि दहा वर्षे राहिली तर कोणाच्याच आवाक्यात राहत नाहीत. पूर्वी पाणी घेणाऱ्या प्रत्येक घराने या कामासाठी श्रम द्यावयाचे, असा रिवाज होता. पाणी आणि पाळीवरची माती यांचा असा एकमेकांशी करार होता.

१८६० च्या दशकातील जमाबंदीत इंग्रजी अंमलाने मालगुजारांस गावावरील मालकी हक्क दिले. त्यामुळे हे तलाव मालगुजारी तलाव, म्हणजेच ‘मामा तलाव’, म्हणून ओळखले जाऊ लागले. मालगुजारीत अन्याय नव्हता असे कोणी म्हणणार नाही. वेठ होती, गावच्या जंगलावर आणि पडीत जमिनीवर एका घराची सत्ता होती. तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्याने १९५० मध्ये मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा केला आणि १९५१ मध्ये तो अमलात आला, हे युक्तच झाले. परंतु त्या कायद्याने तलाव शासनाकडे आले, तेव्हा तलावासोबत चालत आलेला श्रमाचा करार मात्र कोणाकडेच गेला नाही. शेतकरी म्हणू लागले की, पूर्वापार विनामूल्य मिळणाऱ्या पाण्यावर पट्टी कशासाठी? शासकीय खात्यांचे म्हणणे असे की, पट्टी नसेल तर दुरुस्तीचा खर्च कोठून करावा? हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि त्या अवधीत गाळ साचत राहिला. पुढे १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे व त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी विभागणी झाली. मालक बदलला, पण पाळीवर कुदळ घेऊन जाणारा माणूस नेमका कोण, हा प्रश्न पुष्कळ गावांत तसाच राहिला.

नवेगावबांधच्या तळ्यावर आणखी एक हक्क आला. १९७५ मध्ये सभोवारचे सुमारे १३४ चौरस किलोमीटर वन राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले; २०१३ मध्ये ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. हिवाळ्यात येथे उत्तरेकडून पाणपक्ष्यांचे थवे उतरतात. मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी म्हणून येथे राहिले आणि त्यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकामुळे हे तळे मराठी वाचकांच्या घरोघर पोहोचले. पक्ष्यांची, माशांची, झाडांची देशी नावे त्यांनी ग्रंथांतून कमी आणि येथील जाणत्या माणसांकडून अधिक मिळविली. ते ज्ञान गावात होते. त्याला विचारणारा भेटला, एवढेच.

त्या जाणत्यांत ढिवर समाजाचे स्थान मोठे. धानाच्या शेतकऱ्याला तळे दिसते ते पाट सुटतो तेव्हा. ढिवराला ते बारा महिने दिसते. मरळ कोठे अंडी घालते, कोणत्या पाणवनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा राहतो, कमळकंद केव्हा काढावा, शिंगाडा केव्हा, हे सारे त्याच्या रोजच्या भाकरीचे शास्त्र आहे. या दोन व्यवसायांत हितसंबंधांचा झगडाही आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. आश्विनात पाऊस आखडला की शेतकऱ्याला तुडुम पुरते उघडून हवे असते. तळे पार आटले तर ढिवराचे उन्हाळ्याचे मासे आणि पुढच्या वर्षीचे बीज दोन्ही जातात. किती पाणी राखावे याची खूण ज्या गावात पेरणीपूर्वीच सर्वांसमक्ष ठरते, तेथे आश्विनात तंटा होत नाही. ग्रामसभेपुढे हा विषय मृगाच्या आधी आणणे हे ग्रामसेवकाच्या सहज हातचे काम आहे.

मासळीच्या बाबतीत गेल्या काही दशकांतील एक अनुभवही नोंदविण्यासारखा आहे. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडून उत्पन्न वाढविण्याकडे सर्वत्र लक्ष गेले. देशी जाती मागे पडल्या. त्याच सुमारास काठाकाठाने बेशरमाचे रान माजले आणि देवधान, पाणवनस्पती यांची जागा त्याने घेतली. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील काही गावांत ढिवर सहकारी संस्थांनी व विशेषतः ढिवर स्त्रियांनी यावर स्वतःच इलाज शोधला. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर बेशरम मुळासकट उपटावयाचा, कोरडा पडलेला तळ नांगरावयाचा आणि पहिल्या पावसानंतर दुसऱ्या चांगल्या तळ्यातून आणलेल्या देशी पाणवनस्पती तेथे लावावयाच्या. शेतकरी रोवणी करतो, तशीच ही तळ्याची रोवणी. ज्या तळ्यांत ती झाली तेथे देशी मासे व पक्षी परत दिसू लागले.

गावचे सामाजिक जीवनही पाण्याच्याच पंचांगाने चालते. धान कापून खळ्यावर आले, दिवाळी झाली, की झाडीपट्टीत मंडई भरू लागते; रात्री दंडार आणि नाटके होतात. पुढे महाशिवरात्रीस जवळच्या प्रतापगडावर यात्रा लोटते. तेथे महादेवाचे स्थान आहे आणि दर्गाही, आणि यात्रेकरू दोन्हीकडे जातात. ज्या वर्षी तळ्याने दगा दिला त्या वर्षी मंडईतील दुकाने थोडी आणि नाटकाची तिकिटे स्वस्त, हे गणित दुकानदारांना तोंडपाठ असते.

फाल्गुनापासून मृगापर्यंतचे तीन महिने तलावाच्या कामाचे खरे दिवस होत. २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाली आणि तळ्यातील गाळ शेतात नेण्यास चालना मिळाली. हलक्या मुरमाड बांधीस हा गाळ फार मानवतो. मात्र गाळ उपसताना पाळीच्या पायथ्यालगत खणू नये, तेथील दडपलेली माती सुटली तर पाळ पाझरू लागते. काठाचा उतार सपाट न करता थोडा उथळ भाग राखून ठेवावा. देवधान व माशांची अंडी तेथेच वाढतात. तुडुमाची तपासणी पाणी तळाला असतानाच करून घ्यावी आणि सांडव्यासमोरील झुडपे रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी काढून टाकावी.