मुलांना कॉन्सर्ट फिल्मला पाठवण्याआधी

बीटीएस आणि टेलर स्विफ्ट ही नावे आता आपल्याही घरांत रोज ऐकू येतात. प्रत्यक्ष शोचे तिकीट परवडत नाही, म्हणून मुले कॉन्सर्ट फिल्मचा हट्ट धरतात. यात कथा नसते. स्टेजवरचा कार्यक्रम शूट करून थिएटरमध्ये किंवा ओटीटीवर दाखवतात. "गाणीच तर आहेत" म्हणून आपण पटकन हो म्हणतो, नाहीतर ऐकून न घेताच नाही म्हणतो. आत काय आहे, हे मात्र दोन्ही वेळा पाहायचे राहून जाते.

2023 मध्ये आलेल्या दोनच फिल्म घ्या. 'बीटीएस : येट टू कम'मध्ये सात मुलांचा बुसान शहरातला शो आहे आणि गाणी बहुतेक कोरियन. 'द एराज टूर'मध्ये मात्र काही इंग्रजी गाण्यांत शिव्या येतात, कपडे तोकडे आहेत आणि एक नाच मोठ्यांसाठीचाच वाटावा असा आहे. दोन्ही कॉन्सर्ट फिल्मच, पण दहा वर्षांच्या मुलीसाठी सारख्या नाहीत.

मग सर्टिफिकेट पाहावे का? जरूर. 'यू' सर्वांसाठी, 'ए' फक्त 18 वर्षांवरच्यांसाठी. 'यूए'चे 2024 पासून 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झाले आहेत. पण 'यूए' म्हणजे बंदी नव्हे. तिथे निर्णय पालकांवर सोडलेला असतो, थिएटरवाला मुलाला अडवत नाही. ओटीटीवर 13+ आणि त्यापुढच्या कार्यक्रमांना लॉकची सोय असते; ते लॉक आपणच लावायचे.

सर्टिफिकेटवरून सगळे कळत नाही. म्हणून फिल्ममधल्या गाण्यांची यादी मुलांकडूनच मागा, त्यांना ती पाठ असते. म्युझिक अ‍ॅपवर गाण्यापुढे 'ई' असेल, तर त्यात आक्षेपार्ह शब्द आहेत असे समजा. दोन-तीन गाण्यांचा अर्थ मुलांसोबत बसून वाचा.

शोची वेळही बघा. 'एराज टूर' पावणेतीन तासांहून मोठी आहे. नोव्हेंबरमध्ये मुंबईत मगरिब सहाच्या सुमारास होते, म्हणजे चारच्या शोमध्ये ती निघून जाईल. सकाळचा शो बरा. अशा शोमध्ये चाहते ओरडतात, नाचतात. फार लहान मुलांना हा गोंगाट सोसत नाही. घरी हेडफोनवर आवाज 60 टक्क्यांच्या खाली ठेवावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

संगीताबद्दल आलिमांची मते वेगवेगळी आहेत, प्रत्येक घराची रीतही वेगळी. तुमचे उत्तर नाही असेल तर नाही म्हणा, पण कारण सांगा. नुसते "नको म्हटलं ना!" ऐकलेले मूल तीच गाणी रात्री पांघरुणात मोबाइलवर बघते, आणि मग एखाद्या ओळीचा अर्थ विचारायला ते अम्मी-अब्बांकडे येत नाही.