वृत्तचिती : एका शब्दातील गणित



मी जन्मभर मराठीचे अध्यापन केले. गणितात माझा अधिकार नाही. तथापि पाठ्यपुस्तकांतील ‘वृत्तचिती’ हा शब्द मला नेहमीच मोलाचा वाटत आला आहे. ‘चिती’ म्हणजे रचलेली रास. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) विटांच्या राशीचे गणित ‘चितिव्यवहार’ या नावाने येते. सारख्या वर्तुळाकार चकत्या एकीवर एक रचल्या की वृत्तचिती सिद्ध होते. तिच्या घनफळाची रीतही या शब्दातच आहे : चकतीचे क्षेत्रफळ गुणिले उंची.

उंची दुप्पट केली तर चकत्या दुप्पट होतात आणि घनफळही दुप्पट होते. व्यास दुप्पट केला तर मात्र प्रत्येक चकती लांबीने व रुंदीने, अशी दोन्ही अंगांनी वाढते. घनफळ चौपट होते. हिशेबात उंची एकदा येते, व्यास दोनदा.

पलसाणा हा उसाचा मुलूख. समान उंचीचे दोन ऊस घ्या. एकाचा व्यास २ सेंटिमीटर, दुसऱ्याचा ३. जाडी दीडपट, पण घनफळ सव्वादोनपट! ऊस कारखान्याच्या काट्यावर तोलला जातो, म्हणून तेथे हा फरक आपोआप हिशेबात येतो. विहिरीच्या खोदाईला असा काटा नसतो.

४ मीटर व्यासाची, १० मीटर खोल विहीर खणताना सुमारे १२६ घनमीटर माती निघते. खोली पाव हिश्शाने वाढवून साडेबारा मीटर केली, तर सुमारे १५७ घनमीटर. खोली तीच ठेवून व्यास पाव हिश्शाने वाढवून ५ मीटर केला, तर सुमारे १९६! मजुरी केवळ खोलीच्या मीटरवर, त्याच जुन्या दराने ठरली, तर ही रुंद विहीर खणणाऱ्याला दीडपटीहून अधिक श्रमांचे दाम पूर्वीइतकेच मिळते. फसवणुकीचा हेतू नसतानाही अन्याय घडतो.

भास्कराचार्यांनी ‘खातव्यवहारा’त क्षेत्रफळाला खोलीने गुणून खोदाई घनहस्तांत मोजावयास सांगितले, ते याचसाठी उपयोगी. चाळीसगावनजीक पाटण येथील शिलालेखात त्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद आहे. खानदेशातून सुरतेकडे आलेल्या अनेक मराठी कुटुंबांचा हा माहेरचा वारसा होय. विद्यार्थ्यांनी तो परीक्षेपुरता न ठेवता, मजुरीचा करार होण्यापूर्वी श्रम करणाऱ्याच्या बाजूला बसून वापरावा, एवढीच माझी विनंती आहे.