वायूंतील गाळ

गढूळ पाण्यांत तुरटी फिरविली कीं गाळ तळाशीं बसतो आणि वरचें पाणी नितळ होतें, हें आपल्या घरांतील लहान मुलांसहि ठाऊक असतें. परंतु डोळ्यांस न दिसणारा वायुच गढूळ असेल तर तो नितळ कसा करावा? या प्रश्नापायीं एका थोर शास्त्रज्ञास आपली चूक जगापुढें कबूल करावी लागली. ती हकीकत वाचकांस सादर करीत आहें.

हॉलंडांतील लायडन येथील प्राध्यापक कामरलिंग ऑनेस यांनीं हेलियम वायु द्रवरूप करण्याचा संकल्प केला होता. हा वायु त्या काळीं फार दुर्मिळ. अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना प्रांतांतून आणविलेली मोनाझाइट नांवाची वाळू तापवून तो थोडाथोडा मिळवावा लागे. मार्च १९०८ मध्यें, अतिशय थंड केलेला व दाबाखालीं ठेवलेला हेलियम एकाएकीं मोकळा सोडतांच नळींत कापसासारखे पुंजके तरंगूं लागले. हेलियम गोठला असें समजून ऑनेस यांनीं लंडनला प्राध्यापक ड्यूअर यांस तारहि केली. पुढें तपास करितां कळून आलें कीं, गोठला तो हेलियम नव्हे. त्यांत लपून राहिलेला किंचित् हायड्रोजन!

याचें कारण असें. हेलियम द्रवरूप होतो तो शून्याखालीं सुमारें २६९ अंश सेंटिग्रेडवर. तेवढ्या थंडींत नायट्रोजन व प्राणवायूच काय, हायड्रोजनहि दगडासारखा घट्ट होतो आणि बारीक नळ्या व झडपा बुजवितो. जी थंडी साधावयाची, तीच लेशमात्र मळाचा धोंडा करते.

मग ऑनेस यांनीं त्या थंडीसच शुद्धीच्या कामास जुंपलें. प्रथम वायूंत प्राणवायु मिसळून हायड्रोजन जाळला. उरलासुरला तांब्याच्या तापलेल्या ऑक्साइडवरून नेऊन जाळला. नंतर कोळशाची पाळी आली. कोळशाच्या अंगीं असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात. तो खूप थंड केला म्हणजे परके वायु धरून ठेवतो, हेलियम मात्र बहुतेक सुटून जातो. कोळसा आधीं द्रव हवेनें, मग द्रव हायड्रोजननें थंड करून त्यावरून हेलियम पुनः पुनः नेला. कोळशानें धरलेला वायु निराळा काढून तपासला, आणि त्यांत परका अंश आढळेनासा झाला तेव्हांच हें काम थांबविलें. १० जुलै १९०८ रोजीं सुमारें ६० घन सेंटिमीटर द्रव हेलियम पात्रांत जमला.

१९११ सालीं याच थंडींत पाऱ्याचा विद्युत्-विरोध नाहींसा होतो, हा शोध त्यांच्या प्रयोगशाळेंत लागला. पारा निवडला, कारण तो वारंवार ऊर्ध्वपातन करून अत्यंत शुद्ध करतां येतो.

आजहि प्रयोगशाळांतून वाफ झालेला हेलियम गोळा करून, द्रव नायट्रोजननें थंड केलेल्या शोषकांतून नेऊन पुनः वापरतात. तरीहि हायड्रोजनचा लेश निसटतो व केसासारख्या बारीक नळ्या तुंबवितो.

चाळीस वर्षें वह्या तपासतांना, चूक सांपडली कीं ती हातानें झांकणारीं मुलें मीं पुष्कळ पाहिलीं. ऑनेस यांनीं हात काढून घेतला. मळ काढण्यापूर्वीं तो आहे असें म्हणावें लागतें. मार्चमध्यें तें म्हटलें नसतें, तर जुलैचा दिवस उगवता ना.